पडताळणाऱ्यांचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारिणीचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही मधुमेहावर किंवा रक्तदाबावर बोलावे, अशी अपेक्षा होती. त्या विषयांवर याच व्यासपीठावरून आम्ही पूर्वी बोललो आहोत, आणि त्यामुळे आपल्या स्नेहभोजनातील गुलाबजामांची संख्या घटल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून यंदा आम्ही विषय बदलून मागितला. ज्या ना-नफा संस्था खऱ्याखोट्या बातम्यांची पडताळणी करतात, त्यांचा खर्च कोण भागवतो, आणि तो हिशेब तुम्हाआम्हांला वाचता येतो की नाही, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्याने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या दवाखान्यातच आहे. पूर्वी रुग्ण एखादे कात्रण किंवा फोनवर आलेला मजकूर दाखवून विचारीत, ‘डॉक्टरसाहेब, हे खरे आहे का?’ आम्ही पडताळलेली माहिती त्यांच्यापुढे ठेवीत असू, आणि बहुधा तेथेच समाधान होई. २०२१ पासून, म्हणजे करोनाच्या लसी आल्यानंतर, प्रश्न बदलला. ‘हे खोटे आहे असे जे सांगतात, त्यांना पैसे कोण देतो?’ आपल्या घराघरांतून, भारतातल्या आप्तेष्टांशी दूरध्वनीवर बोलताना, हाच प्रश्न आज ऐकू येतो.

या प्रश्नाची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पोथी कोणी लिहिली आणि तिच्यावर कोणाचे पोट चालते, हे विचारण्याचीच ज्यांच्या पूर्वजांना बंदी होती, त्यांनी तर हा प्रश्न कधीही टाकून देऊ नये. आमची तक्रार वेगळी आहे. पुष्कळजण हा प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता उठून जातात. प्रश्न विचारला हेच जणू उत्तर झाले! पैसा कोणाचा, हे विचारल्यावर हिशेबाची वही उघडून बघण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. आज आपण तशी एक वही उघडून पाहू.

ती आहे फॅक्टचेक डॉट ऑर्ग या संस्थेची. डिसेंबर २००३ मध्ये ती सुरू झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲनेनबर्ग सार्वजनिक धोरण केंद्राचा हा उपक्रम. पत्रकार ब्रुक्स जॅक्सन आणि केंद्राच्या संचालक प्राध्यापिका कॅथलीन हॉल जेमिसन यांनी तो उभा केला. पैसा मूळचा वॉल्टर ॲनेनबर्ग यांचा. हे गृहस्थ ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकाचे मालक, निक्सन यांच्या कारकीर्दीत ब्रिटनमधील अमेरिकेचे राजदूत, आणि पक्के रिपब्लिकन. त्यांचे वडील घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्यांवर गब्बर झाले होते आणि प्राप्तिकर चुकवल्याबद्दल १९४० साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. पैशाची वंशावळ काढायचीच म्हटले तर ती कोठवर जाते, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला. १९९३ मध्ये ॲनेनबर्ग प्रतिष्ठानाने या केंद्रासाठी कायमनिधी दिला. पहिली काही वर्षे फॅक्टचेकचा खर्च मुख्यत्वे त्यातून, प्रतिष्ठानाच्या पुढील साहाय्यातून आणि फ्लोरा कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या अनुदानांतून चालला.

आता गंमत पाहा. २००८ च्या ऑगस्टमध्ये या संस्थेच्या माणसांनी बराक ओबामा यांचा जन्मदाखला प्रत्यक्ष हाताळून, त्याची छायाचित्रे घेऊन, तो अस्सल असल्याचे जाहीर केले. लगेच आरोप झाला की, ओबामा पूर्वी शिकागोतील शाळांसाठीच्या ‘ॲनेनबर्ग चॅलेंज’ या योजनेच्या मंडळाचे अध्यक्ष होते, सबब ही संस्था त्यांचीच बटीक. नाव तेच होते, पैशाचा उगमही तोच होता. परंतु तो उगम एका रिपब्लिकन राजदूताचा होता, आणि शाळांची ती योजना व हे केंद्र यांचा कारभार स्वतंत्र होता. आरोप करणाऱ्यांनी फक्त नाव वाचले, वही वाचली नाही.

त्याच्याही आधीचा, २००४ सालचा एक प्रसंग अधिक मासलेवाईक आहे. त्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरला उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादचर्चा झाली. डिक चेनी यांनी आपल्या बचावार्थ या संस्थेचा हवाला दिला. पण बोलताना पत्त्याच्या शेवटी ‘ऑर्ग’ऐवजी ‘कॉम’ म्हणून गेले. तो दुसरा पत्ता कोणा भलत्याच कंपनीचा होता. एकाएकी लोटलेली वाचकांची गर्दी त्या कंपनीने जॉर्ज सोरोस यांच्या पानाकडे वळवली, आणि तेथे बुश यांना पुन्हा का निवडून देऊ नये याचे विवेचन होते! उपराष्ट्राध्यक्षांनी साक्षीला बोलावले एकाला आणि उभा राहिला दुसराच. पुढे कित्येक वर्षे फॅक्टचेक ही सोरोस यांच्या पैशावर चालते अशी समजूत काहींच्या मनात राहिली, यात नवल ते काय.

२०१० मध्ये संस्थेने सर्वसामान्य लोकांकडून देणग्या घेण्यास आरंभ केला, आणि त्याबरोबर नियमही जाहीर केले. कामगार संघटना, राजकीय पक्षांशी बांधलेल्या संस्था, एखाद्या मताचा प्रचार करणारे गट यांचा पैसा घ्यावयाचा नाही. एक हजार डॉलर किंवा अधिक देणाऱ्या व्यक्तीचे नाव प्रसिद्ध करावयाचे. त्याहून लहान देणग्यांची नावे द्यावयाची नाहीत. मात्र त्यांची एकूण रक्कम, संख्या आणि सरासरी सांगावयाची. जुन्या वर्षांचे आकडेही वाचकांसमोर राहतात. हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल. आमच्या मते तो फार मोलाचा आहे. एकाच दिवसाची रक्तशर्करा पाहून आम्ही रोगनिदान करीत नाही; सहा महिन्यांची नोंदवही मागतो.

यात कायद्याचा भाग किती, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेत करमुक्त ना-नफा संस्थेला दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि कोणीही मागितला तर तो दाखवावा लागतो. त्यात एकूण जमा, एकूण खर्च, पदाधिकाऱ्यांचे वेतन, हे सारे असते. मोठ्या देणगीदारांची यादी परिशिष्टात जोडतात. ती सरकारला दिसते, परंतु सार्वजनिक प्रतीतून बहुतेक संस्थांना देणगीदारांची नावे वगळता येतात. म्हणजे कायदा आपल्याला घराचा आकार दाखवतो, घरात कोण राहतो ते सांगत नाही. फॅक्टचेकच्या बाबतीत तर तेवढेही नाही. ती विद्यापीठाचा भाग असल्यामुळे तिचा निराळा फॉर्म नसतो. विद्यापीठाच्या प्रचंड आकड्यांत तिचा आकडा विरून जातो. आपण जे वाचतो ते तिने स्वतःहून लिहिलेले असते. तिने लिहिणे थांबवले, तर तिला लिहावयास लावणारा कायदा नाही. ब्रिटनमध्ये स्थिती थोडी बरी आहे. तेथील फुल फॅक्ट ही संस्था नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने तिचे हिशेब धर्मादाय आयोगाकडे कोणालाही पाहता येतात, आणि पाच हजार पौंडांवरील देणग्या ती आपण होऊन जाहीर करते.

या स्वेच्छेला थोडे वळण लावण्याचे काम पॉइंटर संस्थेच्या आंतरराष्ट्रीय तथ्यपडताळणी जाळ्याने केले. हे जाळे २०१५ मध्ये स्थापन झाले आणि २०१६ मध्ये त्याने एक आचारसंहिता तयार केली. तिच्यावर सही करणाऱ्या संस्थेने मागील वर्षाच्या उत्पन्नात पाच टक्के किंवा अधिक वाटा असणाऱ्या प्रत्येक स्रोताचे नाव सांगितले पाहिजे. नियम चांगला आहे. परंतु पाच टक्क्यांचे मोजमाप संस्थेच्या आकारावर बदलते, हे लक्षात असू द्यावे.

आता आम्ही आमच्या क्षेत्राकडे येतो, कारण या विषयातली सर्वांत अवघड गाठ तेथेच आहे.

२०२१ मध्ये फॅक्टचेकने करोनाच्या लसींविषयीच्या अफवा तपासण्याचा एक प्रकल्प चालवला. त्याला रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानाचे अनुदान होते. केंटकीचे काँग्रेस सदस्य थॉमस मॅसी यांनी जाहीरपणे दाखवून दिले की, या प्रतिष्ठानाजवळ एका लस बनवणाऱ्या कंपनीचे १.८ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचे समभाग आहेत आणि त्याचे प्रमुख हे रोगनियंत्रण केंद्राचे माजी संचालक आहेत. लाखो लोकांनी ते वाचले. त्या महिन्यांत लस घ्यावी की नाही अशा विवंचनेत असलेली माणसे आमच्यासमोर बसत होती, आणि त्यांपैकी काहींच्या तोंडी हेच वाक्य होते.

आरोप खोटा होता काय? सरळ सांगायचे तर त्यातली वस्तुस्थिती खोटी नव्हती. प्रतिष्ठान जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या संपत्तीतूनच जन्मले. डॉ. रिचर्ड बेसर यांनी २००९ मध्ये काही काळ रोगनियंत्रण केंद्राचा कार्यभार सांभाळला होता. तथापि, अनुदानाची गोष्ट कोणी लपवलेली नव्हती. लसींविषयीच्या लेखांच्या अखेरीस संस्थाच ती छापत होती, आणि आपल्या संपादकीय निर्णयांवर प्रतिष्ठानाचे नियंत्रण नाही असेही सांगत होती. मग पाहावयाचे काय? लेख पाहावयाचे. १३ एप्रिल २०२१ रोजी त्याच कंपनीच्या लसीचा वापर रक्ताच्या दुर्मीळ गुठळ्यांमुळे थांबवण्याची शिफारस झाली. अनुदान देणाऱ्याचे हित सांभाळायचे असते तर हीच वेळ होती. संस्थेने त्या गुठळ्यांची माहिती वाचकांना दिली. विकला गेलेला पडताळणीकार असे वागत नाही, असे आमचे मत आहे. परंतु हे मत आम्ही लेख वाचून बनवले आहे, अनुदानाखालील एका ओळीचे आश्वासन वाचून नव्हे.

आम्हां डॉक्टरांना हा धडा वेगळ्या रीतीने मिळालेला आहे. २०१० च्या कायद्यानुसार औषध कंपन्या डॉक्टरांना जे काही देतात, ते जाहीर करावे लागते. २०१४ पासून ती यादी कोणालाही पाहता येते. आपल्या डॉक्टरांचे नाव टाकून आपण घरबसल्या पाहू शकता, आमचेही. आरंभी मर्यादा होती दहा डॉलरांची, म्हणजे जेवणाचा एक डबा. २०१६ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकातील संशोधनात असे दिसले की, कंपनीने दिलेले वीस डॉलरांहून स्वस्त असे एकच जेवण घेणाऱ्या डॉक्टरांतही त्या कंपनीचे औषध लिहून देण्याचे प्रमाण अधिक होते. जेवणामुळेच तसे घडले हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ज्या कोणा डॉक्टराने ‘माझ्यावर काही परिणाम होत नाही’ असे शपथेवर सांगितले असते, त्याला थोडे थांबावयास लावील असा तो निष्कर्ष होता. त्या डॉक्टरांनी काही खोटे लिहिले नव्हते. औषध खरे होते, रोग खरा होता. फक्त निवड सरकली होती.

पडताळणी करणाऱ्या संस्थांच्या बाबतीत आम्हांला भीती वाटते ती याच सरकण्याची. पैसे देऊन कोणी खऱ्याचे खोटे करवून घेतो, हे क्वचितच घडत असेल. परंतु काय तपासावे आणि काय तपासू नये, हे पैसा ठरवू शकतो. फेसबुकचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी करवून घेण्यास आरंभ केला. पहिल्या संस्थांत फॅक्टचेक होती. कंपन्यांचा पैसा न घेण्याच्या तिच्या नियमाला त्यासाठी अपवाद करावा लागला, आणि तो तिने उघडपणे लिहिला. ते योग्यच झाले. पण फेसबुकच्या त्या योजनेत राजकीय पुढाऱ्यांची विधाने तपासणीतून वगळलेली होती! कोणत्याही निर्णयाला हात न लावता, पैसे देणाऱ्याने कामाचे कुंपण आखले. पुढाऱ्यांना तपासण्याचे फॅक्टचेकचे मूळ काम स्वतंत्रपणे चालू राहिले, कारण तिच्यापाशी कायमनिधीचा आणि वाचकांचा दुसरा पैसा होता. तसा आधार नसलेल्या लहान संस्थांचे काय?

पुढे ७ जानेवारी २०२५ रोजी मेटा या नावाने वावरणाऱ्या त्याच कंपनीने अमेरिकेपुरती ही योजना बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ती संपली. काल आपला सर्वांत मोठा ग्राहक असणारा उद्या दार लावून घेतो, हे छोट्या व्यापाऱ्याला चांगले समजते. हिशेबाच्या वहीत हा धोका आधीच दिसत असतो. एकाच नावासमोर निम्मी जमा असली, की ती संस्था किती प्रामाणिक आहे याहून ती किती दिवस उभी राहील, हा प्रश्न मोठा होतो.

आता नावांविषयी. येथवर आम्ही नावे जाहीर करण्याची बाजू घेतली. परंतु या देशात नावे न सांगण्याचा अधिकार कोणी मिळवून दिला, हेही सांगितले पाहिजे. अलाबामा राज्याने एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती. ती यादी बाहेर गेली असती तर माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, घरे जळली असती. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने यादी देण्यास नकार मान्य केला. आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्य देणगीदारांची नावे मागते म्हणून कोक उद्योगसमूहाशी निगडित एक श्रीमंत प्रतिष्ठान न्यायालयात गेले, तेव्हा १९५८ च्या त्याच निवाड्याच्या आधारे सहा विरुद्ध तीन मतांनी ते जिंकले. दुबळ्यांसाठी घडवलेली ढाल अब्जाधीशांच्याही हाती पडली.

भारतात उलट घडले. अहमदाबादेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या आल्ट न्यूजचे सहसंस्थापक मोहम्मद झुबैर यांना जून २०२२ मध्ये एका जुन्या ट्विटवरून अटक झाली, आणि पाहता पाहता चौकशी संस्थेच्या देणग्यांकडे वळली. परदेशातून पैसे आले असा आरोप पोलिसांनी केला. केवळ भारतीय बँक खात्यांतून येणाऱ्या देणग्याच स्वीकारण्याची व्यवस्था होती, असे संस्थेने सांगितले. देणग्या गोळा करून देणाऱ्या रेझरपे कंपनीने देणगीदारांची माहिती पोलिसांना दिली. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी झुबैर यांची सुटका केली. परंतु शंभर-दोनशे रुपये देणाऱ्या सामान्य माणसाची माहिती पोलिसांच्या फाइलीत गेली ती गेलीच. पुढच्या वेळी तो माणूस शंभर रुपये देताना दोनदा विचार करील.

आपल्यापैकी किती कुटुंबांना आपल्या आडनावाची यादी कोठे लागलेली आवडेल? व्हिसावर काम करणाऱ्या, ज्याचा वरिष्ठ भारतातलाच आहे अशा तरुणाला हा प्रश्न विचारून पाहा. म्हणून सगळीच नावे छापा, या मागणीला आमचा पाठिंबा नाही. ज्याचा पैसा काढून घेतल्याने संस्था डगमगेल, त्याचे नाव कळलेच पाहिजे. ज्याचा पैसा गेल्याने काहीच बिघडणार नाही, त्याचे नाव जाणून घेण्याचा हक्क शेजाऱ्याला नाही, कंपनीला नाही आणि पोलिसांनाही सहजी नसावा. हजार डॉलर, पाच हजार पौंड, पाच टक्के, या साऱ्या रेषा ही सीमा शोधण्याचे प्रयत्न आहेत. हजार डॉलरांची रेषा आम्हांला थोडी खाली वाटते. पण खाली असलेली रेषा नसलेल्या रेषेपेक्षा बरी.

भारतातील अशा संस्थांना साहाय्य करू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. परदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याने बातम्या व चालू घडामोडी देणाऱ्या माध्यमसंस्थांना परदेशी पैसा घेण्यास मनाई आहे. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी ठरत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्यांची रक्कम परदेशी ठरते, मग खिशात ओसीआय कार्ड असो वा नसो. पती भारतीय नागरिक आणि पत्नी अमेरिकन, अशी घरे या सभागृहात पुष्कळ आहेत. एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोघांपैकी एकाची देणगी कायदेशीर आणि दुसऱ्याची त्या संस्थेला संकटात टाकणारी! तेव्हा उत्साहाच्या भरात कार्ड पुढे करण्यापूर्वी पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते पाहावे.

भोजनानंतर शेजारच्या खोलीत दोन संगणक मांडलेले आहेत. आपल्या मंडळातील दोन महाविद्यालयीन मुली फॉर्म ९९० कसा शोधावा आणि त्यात कोणत्या पानावर काय असते ते दाखवतील. ज्यांना एखाद्या संस्थेविषयी शंका असेल, त्यांनी तिचे नोंदणीकृत पूर्ण नाव कागदावर लिहून आणावे. नुसत्या लोकप्रिय नावाने ती सापडत नाही. आपल्या मंडळाने भरलेला फॉर्मही तेथे उघडून ठेवलेला असेल. आमच्या खजिनदारांनी त्याला आनंदाने संमती दिली आहे, आणि कायद्याने ती त्यांना नाकारताही आली नसती.

जय भीम.